उठल्यावर किती वेळात?

(पालक-शिक्षक मेळाव्यात एका दंतवैद्य बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘व्हेपिंग : नव्या पिढीपुढचं नवं संकट’. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विषय लगेच मान्य केला, फक्त त्यातल्या दुसऱ्या ‘नवं’वर माझी हरकत तेव्हाच सांगून ठेवली. पाऊण तास दिलाय. व्हेपपर्यंत, म्हणजे बॅटरीवर तापणाऱ्या ई-सिगारेटपर्यंत, मी येणार आहे, पण माझी वाट आजीच्या चुलीवरून जाते. तेवढी मुभा द्या.

इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात आत्ता पुडी आहे? हात वर करू नका, शेजारी सौभाग्यवती बसल्यात. (हशा) बरं, आता दुसरा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांच्या आईनं किंवा आजीनं मशेरी लावलेली तुम्ही पाहिली आहे? बघा, किती हात! मगाशी पुडीचं नाव काढल्यावर सगळे छताकडं बघत होते आणि मशेरी म्हटल्यावर हसत हसत हात वर आले. मला आज जे बोलायचंय ते या दोन प्रश्नांच्या मधेच आहे.

माझी आजी महिन्यातून एकदा मशेरी भाजायची. त्यासाठी वेगळा तवा होता, काठ तुटलेला, भाकरीला चालत नसे. त्यावर तंबाखूची पानं टाकली की असा ठसका उठायचा की शेजारच्या घरातून आवाज यायचा, “म्हातारे, सांगून तरी भाजत जा गं!” पानं काळीभोर झाली की ती तळहातावर चोळायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि गोल पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी उठली की आधी उशाची डबी. पायरीवर बसून तर्जनीनं हिरड्यांवरून फिरवत राहायची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. तेवढ्या वेळात कुणी काही विचारलं तर उत्तर फक्त “हं”. पाण्याचा तांब्या नेऊन ठेवायचं काम माझ्याकडं. मग चूळ भरायची आणि आजी बोलायला लागायची. चहा त्यानंतर.

या सगळ्याला आमच्या घरात शब्द होता ‘दात घासणं’. व्यसन हा शब्द गल्लीच्या टोकाला दारू पिऊन पडणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला होता.

आता माझ्या आत्याची गोष्ट. ही मी जिथं जाईन तिथं सांगते, त्यामुळं आधी ऐकली असेल त्यांनी सांभाळून घ्या. आत्या अडुसष्ट वर्षांची. अंगणात पाय घसरला, खुबा मोडला. शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. दुसऱ्या दिवसापासून मात्र आत्या कासावीस. झोप नाही, सलाईन ओढून काढतेय, सिस्टरला शिव्या देतेय. जिनं जन्मात सुनेला ‘अगं’च्या पुढं शब्द वापरला नाही, ती बाई! रात्री झोपेचं इंजेक्शन दिलं, तरी दोन वाजता उठून बसली. मग हात कॉटला बांधले. मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले तेव्हा तिच्या मनगटाला पट्टीचे वळ होते. मला म्हणाली, “बाय, मला घरी ने. हितं माझा जीव जातोय.”

मी केसपेपर मागवला. त्यावर छापील रकाना होता, ‘हॅबिट्स’, आणि पुढं लिहिलं होतं ‘निल’. म्हणजे विचारलं होतं बरं का. तरुण डॉक्टरांनी भरती करताना विचारलं होतं, “आजी, काही व्यसन वगैरे?” आणि आत्याला राग आला होता. “शी! आमच्या घराण्यात कुणाला नाही.” ती खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबानं ते शंभर टक्के खरं होतं.

मी खाटेवर बसले आणि एवढंच विचारलं, “आत्या, घरी उठल्यावर किती वेळात मशेरी लावतेस?” ती म्हणाली, “किती वेळात काय? डोळं उघडलं की. तोंड नको धुवाया?” दिवसातून चार-पाच वेळा, पन्नास वर्षं. आणि तीन दिवस कण नाही.

शरीरातलं निम्मं निकोटीन साधारण दोन तासांत निघून जातं. सवय झालेला मेंदू मग ते मागायला लागतो. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं. पहिले दोन-तीन दिवस त्याचा कहर असतो आणि पुढं दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. आत्या नेमकी त्या कहरात सापडली होती, वर मोडलेल्या हाडाचं दुखणं. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, निकोटीनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, मागवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या शांत झोपली. आता, म्हातारपणी भूल दिल्यावर माणसं भांबावतात, तोही भाग होता. सगळं पॅचनं झालं असं मी म्हणणार नाही. पण दोन रात्री एका बाईचे हात बांधावे लागले आणि कुणालाच मशेरी हा शब्द सुचला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टर मराठी, सिस्टर मराठी, त्यांच्याही घरी आज्या असतील.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात ‘व्यसन आहे का?’ हा प्रश्न बंद. मी विचारते, उठल्यावर पहिलं काय, आणि किती वेळात? हे माझं संशोधन नव्हे. निकोटीनची पकड मोजायच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत हा सगळ्यात वजनदार प्रश्नांपैकी एक आहे. जाग आल्यापासून पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर पकड घट्ट. अर्ध्या तासाच्या आत असेल तरी काळजीची. माणूस नावाला लाजतो, घड्याळाला लाजत नाही. मशेरी म्हणा, मावा म्हणा, विदर्भात खर्रा म्हणा, वेळ विचारली की खरी सांगतात.

आणि अशी माणसं थोडी नाहीत. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे होते जेमतेम 3.8 टक्के. बाकी सगळा कारभार तोंडात, म्हणजे माझ्या खात्यात. आणि तोंडातली असली तरी ती तोंडापुरती राहत नाही. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा पाठपुरावा करून 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही जणी तंबाखू घेणाऱ्या होत्या, ओढणाऱ्या नव्हे, तोंडात ठेवणाऱ्या, आणि त्यातही मुख्यतः मशेरी लावणाऱ्या. त्यांची बाळं तंबाखू न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. आपल्याकडं बाळ अडीच किलो भरतंय की नाही यावर सगळं घर जीव मुठीत धरून बसतं, तिथं 105 ग्रॅम म्हणजे काय ते इथल्या आयांना सांगायला नको.

आता ‘नवं’. तंबाखूसुद्धा एकेकाळी नवीच होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाचा मोगल सरदार आपल्या शेजारच्या विजापूरहून तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन अकबराच्या दरबारी गेला. बादशहानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं विरोध केला, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही म्हणाला. असद बेगनं वाद घातला की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातल्या शहाण्यांनी पारखूनच घेतलं असेल. चारशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य मी गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलाच्या तोंडून जवळपास जसंच्या तसं ऐकलं. “मॅडम, इंग्लंडमध्ये डॉक्टरच व्हेप देतात.”

त्याचं उत्तर देते, कारण ते अर्धं खरं आहे. पण त्याआधी चुना.

तुम्ही तंबाखूत चुना का मळता? चव? झणका? खरं कारण असं की चुना आम्लाच्या उलट गुणाचा, त्यामुळं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं. नुसती तंबाखू धरली तर तेवढी लागत नाही. हे आपल्या पणजोबांना रसायनशास्त्र न शिकता कळलं होतं. व्हेपमध्ये नेमकी उलटी युक्ती आहे. मोकळं निकोटीन वाफेतून ओढलं तर घशाला लागतं, ठसका येतो, त्यामुळं जास्त ओढवत नाही. म्हणून त्यात बेन्झॉइक आम्लासारखं आम्ल घालून निकोटीनचा क्षार करतात. घसा गुळगुळीत राहतो आणि मात्रा हवी तेवढी वाढवता येते. 2015 साली अमेरिकेत आलेल्या जूल या उपकरणानं हेच केलं. त्याच्या पाच टक्केवाल्या द्रवात मिलिलिटरला 59 मिलिग्रॅम निकोटीन होतं. युरोपात कायद्यानं मर्यादा आहे 20ची. आजीच्या तव्यावरचा ठसका सगळ्या गल्लीला कळायचा. या पोराचा ठसका कारखान्यातच काढून टाकलाय, मग आईला कळणार कसं?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, आता भराभर.

इंग्लंडचं. तिथं अनेक वर्षं सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसाला ती सोडवण्यासाठी व्हेप देतात, आणि त्यानं सिगारेट सुटायला मदत होते याचे चांगले पुरावे आहेत. जळत्या तंबाखूतलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नाही, हेही खरं. पण ज्यानं कधी विडीला हात लावला नाही त्या सोळा वर्षांच्या मुलाला त्यातून मिळतं फक्त निकोटीन. त्याच इंग्लंडनं जून 2025पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, आणि त्यामागं कचऱ्याबरोबरच मुलांच्या हातात ते दिसायला लागणं हेही कारण होतं.

शरीरात काय होतं? निकोटीन फुप्फुसातून मेंदूत दहा-वीस सेकंदांत पोहोचतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, तोवर लागलेली ही सवय खोल मुरते आणि लक्ष, स्मरण, मनाचा तोल यांवर परिणाम होतो. वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तापल्यावर फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असे दाहक पदार्थ तयार होतात, तापलेल्या तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश येतात. दम्याच्या मुलांना त्रास वाढतो. 2019मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराची लाट आली, 2800वर लोक भरती झाले, 68 गेले. त्यातल्या बहुतेकांच्या नळीत गांजाचा अर्क आणि व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं, निकोटीनच्या नावावर ते खपवू नये. पण बाजारातल्या नळीत काय भरलंय हे ओढणाऱ्याला कळत नाही, एवढं त्यातून घ्या. माझ्या खात्यातलं एक : निकोटीननं हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त यायचं थांबतं. पालक म्हणतात हिरड्या सुधारल्या, आणि आत हाड झिजत असतं.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विडी विझते. सिगारेट दहा-पंधरा झुरक्यांत संपते. मशेरीलासुद्धा चूळ भरावी लागते. व्हेपच्या खोक्यावर पाच हजार, दहा हजार झुरके असं छापलेलं असतं. पोरगं अभ्यास करता करता ओढतं, संडासात ओढतं, पांघरुणात ओढतं. किती घेतलं हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

कायदा. 2019पासून भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्याला बंदी आहे. साठा सोडला तर बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; साठ्याला शिक्षा त्याहून कमी. तरी मुलं आणतात. शिक्षकांना विनंती, दप्तरात सापडलं तर आधी पोलिसांचं नाव काढू नका. तो कायदा विकणाऱ्यासाठी आहे. मुलाला घड्याळाचा प्रश्न विचारा.

शेवटची गोष्ट, ओळख बदलून आणि परवानगी घेऊन सांगते. तो अकरावीतला मुलगा. आईनं आणला, तोंड सारखं कोरडं पडतं म्हणून. दप्तरात तिला हायलायटरसारखं काहीतरी सापडलं होतं, आंब्याचा वास येणारं. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि रडायला लागली. मुलगा म्हणत होता, “व्यसन नाही मॅडम, फक्त फ्लेवर आहे.” मी विचारलं, उठल्यावर किती वेळात? तो गप्प झाला. मग म्हणाला, “उशीखालीच असतं.”

आईचे डोळे पुसून झाल्यावर मी तिच्या हिरड्या पाहिल्या. तुमच्या लक्षात आलंच असेल. तिलाही तोच प्रश्न विचारला. ती पोराकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “चहाच्या आधी.”

दोघांचा कागद एकच केला. डावीकडं आई, उजवीकडं मुलगा, रोज पहिली वेळ लिहायची आणि अर्धा तास पुढं ढकलायची. तलफ आली की पाच मिनिटं दुसरीकडं जायचं, कारण एका लाटेचा जोर तेवढाच असतो. मुलाला समुपदेशक जोडून दिला. राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबर 1800-11-2356, फुकट आहे, मराठीतही बोलतात, फलकावर लिहून ठेवलाय. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा मुलाच्या रकान्यात पंधरा दिवस रेघ होती. आईची दुपारच्या जेवणानंतरची एक वेळ अजून सुटलेली नाही, आणि ती लपवून न ठेवता तिनं कागदावर लिहून आणली होती.

वेळ संपली, थांबते. मागच्या रांगेत त्या मावशींनी मघापासून हात वर धरलाय, आधी त्यांना माइक द्या.