कानावर पडणारे आकडे

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय ‘दृष्टीखेरीज इतर इंद्रियांनी माहितीचं आकलन’ असा भारदस्त छापलाय. तो वाचूनही तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. मला म्हणायचंय ते साधं आहे. आकडा दिसलाच पाहिजे असं नाही. कोणता कानाला द्यावा, कोणता त्वचेला आणि कोणता नाकाला, याला काही एक हिशेब आहे. तो मी शेवटी मांडणार आहे. वेळ उरला तर.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन यशस्वी झालं की नाव सर्जनचं होतं, आणि पेशंट आम्हाला भेटतो तोच मुळी झोपायच्या बेतात. पण ती तक्रार आजची नाही.

माहिती म्हटली की आपल्याला आलेख आठवतो, जणू तो अनादी काळापासून आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरनं व्यापाराचे आकडे रेघांनी काढून छापले ते 1786 साली. त्याच्या बरोबर पंचवीस वर्षं आधी, 1761 मध्ये, व्हिएन्नातल्या एका डॉक्टरनं छातीच्या आतली माहिती कानानं काढायची रीत छापली होती. त्याचं नाव लेओपोल्ड आउएनब्रुगर. वडील ग्राझचे खानावळवाले. पिपात दारू किती उरली हे पीप ठोकून कळतं, हे पोरानं लहानपणी पाहिलं असणार, असं सांगतात. पुढे डॉक्टर झाल्यावर तो माणसांच्या छात्या ठोकायला लागला. निरोगी छातीचा आवाज जाड कापडानं झाकलेल्या ढोलासारखा येतो, आणि आत पाणी झालं असेल तिथे मांडीवर थोपटल्यासारखा बद्द, हे त्याचंच वर्णन. गडी एवढ्यावर थांबला नाही. मृतदेहांच्या छातीत पाणी भरून, ते कुठवर चढलं हे ठोकून ठोकून पडताळलं. आता तुम्हीच सांगा, याला मोजमाप नाही तर काय म्हणायचं?

आणि झालं काय? कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुस्तक लॅटिनमध्ये, शंभर पानांच्या आतलं, बहुतेकांनी सोडून दिलं. शेवटी नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिझार यांनी 1808 मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, आणि आउएनब्रुगर 1809 मध्ये वारला. म्हणजे नाव झालं, पण जाता जाता. या माणसाचा कान मुळात संगीताचा. संगीतकार सालिएरीच्या एका ऑपेरासाठी, म्हणजे संगीतनाटकासाठी, संहितासुद्धा लिहिली होती त्यानं. वैद्यक महाविद्यालयाच्या प्रवेशाला गाण्याची परीक्षा ठेवावी असं मी एकदा बैठकीत सुचवलं होतं. त्यानंतर मला बैठकीला बोलावत नाहीत.

आता माझ्या लाडक्या यंत्राकडे येतो. पल्स ऑक्सिमीटर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलं. पण ऑपरेशन थिएटरमधला आमचा दिवस खऱ्या अर्थानं बदलला तो पुढच्या दशकात, त्या यंत्राला सूर दिला गेला तेव्हा. नाडीच्या दर ठोक्याला एक ‘टिंग’. ऑक्सिजन 98 टक्के असेल तर टिंग उंच, आणि एकेक टक्का घसरला की सूरही एकेक पायरी उतरतो. ठोक्यांमधलं अंतर म्हणजे नाडीचा वेग, सुराची उंची म्हणजे ऑक्सिजन. एका आवाजात दोन आकडे, आणि मान वळवायची गरज नाही.

मान वळवायची गरज नाही म्हणजे काय, ते सांगतो. मी पेशंटच्या डोक्याशी वाकलोय, डाव्या हातात घशात बघायचं उपकरण, लॅरिंगोस्कोप, उजव्या हातात श्वासनलिकेत घालायची नळी, डोळे स्वरयंत्रावर. मॉनिटर माझ्या पाठीमागे. नळी चटकन जात नाही. टिंग, टिंग, आणि मग किंचित बसका टिंग. पडद्यावर 97 चे 93 झालेत. नुसतं पाहिलं तर त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण 90 च्या खाली कडा आहे, तिथून रक्तातला ऑक्सिजन भराभर कोसळतो. शिवाय फुप्फुसातली बातमी बोटापर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागू शकतं, म्हणजे ऐकतोय ते आधीच शिळं. अशा वेळी सर्जन, जो एरवी माझं काही ऐकत नाही, तो मान वर न करता विचारतो, “काय झालं हो?” त्यानं आकडा पाहिलेला नसतो. त्यानं सूर ऐकलेला असतो.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मानकांत, हा चढता-उतरता सूर ऐकू आलाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं? थिएटरमध्ये गाणं चालू असतं, आणि कुणीतरी म्हणतं, “जरा बारीक करा हो ते, गाणं ऐकू येत नाही!” आणि आता माझी खरी तक्रार. कुठल्या टक्क्याला कोणता सूर, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही. मी जिथे काम करायचो तिथे एका थिएटरमधले मॉनिटर बदलले. खरेदी समितीनं पडदा किती इंची, रंग किती, सगळं तपासलं. सुराबद्दल चकार शब्द नाही. परिणाम असा की एका खोलीत ज्या सुराला मी निवांत असायचो, त्याच सुराला शेजारच्या खोलीत पळापळ करायची वेळ. पडद्यावर 97 च्या जागी उद्या दुसऱ्याच लिपीतला आकडा दिसला तर केवढा गहजब होईल! कानाच्या बाबतीत मात्र सगळं खपतं.

त्यात भर अलार्मची. बहुतेक अलार्म खोटे. पेशंटनं हात हलवला, अलार्म. वायर निसटली, अलार्म. मग माणसं ऐकणंच सोडून देतात. वैद्यकीय यंत्रांच्या अलार्मसाठीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय मानकात हृदयाला एक सुरावट, श्वासाला दुसरी, औषधाला तिसरी अशा छोट्या सुरावटी होत्या. लक्षात कुणाच्याच राहिल्या नाहीत. 2020 च्या दुरुस्तीत शहाणपण आलं. हृदयासाठी हृदयाच्याच ठोक्यांचा आवाज, औषधासाठी डबीत गोळ्या खुळखुळल्याचा. लक्षात ठेवायला काही उरलंच नाही. सूर सतत चालू राहून मला परिस्थिती सांगतो, अलार्म फक्त ओरडतो. हा फरक... हो हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता सुरू करायला हरकत नाही.

भराभर सांगतो. कान काळाचा राजा आहे. आवाजात दोन-तीन मिलिसेकंदांची फट पडली तरी त्याला कळते. म्हणून जे बदलतं ते कानाला द्या. 1961 मध्ये भूकंपमापकाच्या नोंदी वेगानं वाजवून, हा भूकंप की जमिनीखालचा स्फोट, हे ऐकून ओळखायचे प्रयोग झाले. 14 सप्टेंबर 2015 ला पकडलेली गुरुत्वलहर, म्हणजे अवकाशातूनच आलेला तरंग, 0.2 सेकंदात सुमारे 35 हर्ट्झपासून (सेकंदाला 35 कंपनं) 250 हर्ट्झपर्यंत चढली, म्हणजे ती आयतीच कानाच्या टप्प्यात होती. दृष्टी गेल्यावर वांडा डियाझ-मर्सेड या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी ताऱ्यांची माहिती आवाजात बदलून संशोधन चालू ठेवलं. पण कान फरक सांगतो, किंमत सांगत नाही. हे 93 की 92, ते पडद्यालाच विचारा. आणि मागचं पुन्हा बघायचं असेल तर आलेखाला तोड नाही, हेही कबूल.

त्वचेला ‘कुठे’ कळतं, पण जागेनुसार. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे कळतात, पाठीला तीन-चार सेंटिमीटर लागतात. तरी 1969 मध्ये पॉल बाख-इ-रिटा यांनी दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत 400 कंपक बसवून, कॅमेऱ्यातलं चित्र अंध माणसांच्या पाठीवर उमटवलं, आणि त्यांना वस्तू ओळखता यायला लागल्या. अट एकच: कॅमेरा त्यांनी स्वतः फिरवायचा. विमान हवेतला आधार गमावायला लागलं की वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरतो, तीही त्वचेला दिलेली माहितीच.

नाकाला फक्त ‘आहे की नाही’ एवढंच विचारा. नैसर्गिक वायूला वास नसतो. 18 मार्च 1937 ला टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत गळलेल्या वायूचा स्फोट झाला. जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत दुर्गंधी मिसळणं सक्तीचं झालं. पण नाक थोड्या वेळात वासाला सरावतं, आणि खोलीत पसरलेला वास परत घेता येत नाही, त्यामुळे लगेच दुसरा निरोप पाठवायची सोय नाही. चवीबद्दल मी काही बोलणार नाही, घड्याळाकडे अध्यक्ष बघताहेत.

तर मागणी एकच: ऑक्सिजनचा सूर सगळ्या यंत्रांत एकसारखा ठरवा, आणि खरेदी समितीत निदान एक माणूस असा ठेवा की जो यंत्र डोळे मिटून तपासेल. आता प्रश्न विचारा. फक्त ‘स्लाइड दाखवा’ म्हणू नका, आणलेल्या नाहीत.