कार्ड पाहिलं आणि परत दिलं

(दृश्य : नाशिकचं सीबीएस, सकाळची वेळ. त्र्यंबकेश्वरची एसटी उभी आहे.)

गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत. खिडकीजवळच्या आजोबांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं. कंडक्टरनं जन्मतारीख पाहिली, मशीनची बटणं दाबली आणि शून्य रुपयांचं तिकीट कार्डासकट आजोबांच्या हातात ठेवलं. 'नीट ठेवा, बाबा.' झालं काम.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्यासाठी राज्यभर रोज असं वय तपासलं जातं. या आजोबांच्या कार्डावर तारीख होती १ जून. आपल्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख हीच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली असते. कंडक्टरला तेवढ्यावर भागतं. कार्डावरचं नाव त्याला दिसलं असेल, नंबरही दिसला असेल; पण गाडी पपया नर्सरीपर्यंत पोहोचेपर्यंत तो ते विसरूनही गेला असेल. त्यानं झेरॉक्स मागितली नाही, वहीत काही लिहिलं नाही.

वय तपासणं म्हणजे काय, याचं हे चित्र मनात राहू द्या. आता प्रौढांसाठीच्या वेबसाइटवर वय कसं तपासायचं याबद्दल जे सांगायचं आहे, ते या चित्राशी ताडून बघायचं आहे.

(दृश्य : त्र्यंबकेश्वर, गल्लीबोळ. मग जुन्या थिएटरचं बंद दार.)

ही गाडी जिथं जाते, त्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. भारतात सिनेमा रुजवला तो या माणसानं. पुढं सिनेमा वाढला आणि त्याच्या दाराशी वयाचा प्रश्नही आला. 'ए' सर्टिफिकेट म्हणजे फक्त प्रौढांसाठी. आमच्या काकांच्या पिढीला दारावरचा डोअरकीपर अजून आठवतो. तो बॅटरीचा झोत तोंडावर टाकायचा आणि मिसरूड नीट फुटलेलं नसेल तर बखोट धरून बाहेर काढायचा. त्यात चुका व्हायच्या. सतरा वर्षांचा दणकट पोरगा आत जायचा, वीस वर्षांचा किरकोळ अंगाचा बाहेर राहायचा. पण कोण आलं होतं, कोणता सिनेमा बघून गेलं, याची नोंद कुठंच राहायची नाही.

(दृश्य : अंधारात मोबाईलचा पडदा. बोट.)

आता दार हातातच आहे. प्रौढांसाठीच्या वेबसाइटवर गेलं की एकच प्रश्न येतो : तुमचं वय १८ पूर्ण आहे का? 'हो' वर बोट टेकवलं की आत. अकरा वर्षांच्या मुलाचं बोटही तेवढंच चालतं.

मुलांनी हे बघू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ते संकोचामुळे नाही. जवळीक कशी असते हे ज्या मुलाला कुणीच सांगितलेलं नाही, त्याच्यासमोर पहिल्यांदा हेच येतं. त्यात बाईची संमती विचारलेली दिसत नाही, मारहाण मात्र दिसते. हे मूल त्यालाच खरं मानून मोठं होतं. त्यामुळे सरकारं या दाराशी कुणाला तरी उभं करू बघतात, याचा मला राग येत नाही. प्रश्न एवढाच आहे की उभं कुणाला करायचं. त्या कंडक्टरसारख्या माणसाला, की प्रत्येक कार्डाची झेरॉक्स काढून ठेवणाऱ्याला?

(दृश्य : जगाचा नकाशा.)

१ जानेवारी २०२३ ला अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात प्रौढांच्या साइटनी वय तपासलंच पाहिजे असा कायदा लागू झाला. तिथं लोक मोबाईलमधला गाडी चालवण्याचा सरकारी परवाना दाखवून वय सिद्ध करू लागले. पाठोपाठ युटा, टेक्सास आणि इतर राज्यं आली. टेक्सासचा नियम असा की साइटवरचा एक तृतीयांशाहून जास्त मजकूर मुलांना अपायकारक असेल, तर वय तपासलंच पाहिजे. त्याला आव्हान दिलं गेलं. २७ जून २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा उचलून धरला.

ब्रिटनची गोष्ट लांबलेली आहे. २०१७ मध्ये कायदा केला, २०१९ मध्ये गुंडाळला, २०२३ मध्ये नवा आणला. २५ जुलै २०२५ पासून तिथं नुसतं 'हो' म्हणून चालत नाही. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतात, ओळखपत्राशी सेल्फी जुळवतात, क्रेडिट कार्ड, बँक किंवा मोबाईल कंपनीकडून खात्री करून घेतात. नियम मोडला तर दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, यातला जो मोठा तो. त्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या ॲपच्या यादीत व्हीपीएन सगळ्यात वर गेले. म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं दाखवायचं आणि आत शिरायचं. हे करायला मुलांना शिकवणी लागत नाही.

(दृश्य : सीबीएसजवळची झेरॉक्सची दुकानं. मशीनचा हिरवा उजेड.)

हे दुकान दाखवण्यामागं माझं स्वतःचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी भाड्याची खोली घेताना मी एका एजंटकडे आधारची झेरॉक्स दिली होती. खोली जमली नाही. महिनाभरानं त्याच गल्लीत भेळ घेतली, तर पुडा कुणाच्या तरी पॅन कार्डाच्या झेरॉक्सचा. फोटो, वडिलांचं नाव, सही, सगळं शाबूत. त्यावर चुरमुरे. त्या दिवसापासून माझी झेरॉक्स कुठं असेल, हा विचार डोक्यातून गेलेला नाही.

कागदाचा पुडा निदान एकच असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनं जाहीर केलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. या लोकांनी ते फोटो वय सिद्ध करण्यासाठीच दिले होते. आता कल्पना करा, असाच साठा प्रौढांच्या साइटचा आहे. कुणाचं नाव, कोणता चेहरा, कोणत्या रात्री काय पाहिलं. गाव लहान असो की मोठं, एवढ्या माहितीवर माणसाला आयुष्यभर धमकावता येतं. बायकांना तर जास्तच.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय, दिल्ली.)

आपल्याकडे आतापर्यंतचा मार्ग बंदीचा. २०१५ मध्ये ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत आदेश सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट बंद केल्या. साइटनी पत्त्यातलं एखादं अक्षर बदललं आणि त्या परत आल्या. कायद्यानं असं चित्रण पसरवणं गुन्हा आहे. लहान मुलांचं चित्रण तर नुसतं शोधणं आणि पाहणंही गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये एका सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं की ऑनलाइन अश्लील मजकुराआधी इशारा दाखवावा आणि मग आधार वगैरेवरून वय तपासावं. तो आदेश नव्हता. पण आधारचं नाव निघालं आहे, म्हणून मी कॅमेरा घेऊन नाशिकच्याच सिडकोतल्या एका घरी गेले.

(दृश्य : एका खोलीचं घर. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात. ओट्यावर कुकर.)

ताई अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. मुलगा आठवीत आहे. २०२० मध्ये शाळा फोनवर आली, तेव्हा वडिलांचा फोन मुलाकडे गेला आणि वडिलांनी स्वतःसाठी दुसरा घेतला. आधारला जोडलेलं सिम मात्र मुलाकडच्या जुन्या फोनमध्येच राहिलं. मी म्हटलं, 'ताई, मिस्टरांच्या नावानं डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रांचं सरकारी ॲप, उघडून बघू या का?' वडील शेजारीच बसले होते, त्यांनी मान डोलावली. आधार नंबर टाकला. दोन सेकंदांत टिंग वाजलं ते मुलाच्या खिशात. त्यानं सवयीनं फोन काढून सहा आकडे वाचून दाखवले. 'नेहमी तोच सांगतो, ताई,' आई म्हणाली. 'सिलिंडर आला की ओटीपी त्याच्याकडे, बँकेचा पण त्याच्याकडेच.'

या घरात आधारच्या ओटीपीनं वय तपासलं, तर यंत्राला दिसणार बेचाळीस वर्षांचा बाप. दाराशी उभा असणार तेरा वर्षांचा मुलगा. आणि नोंद राहणार ती बापाच्या नावावर. दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांनी एकदा या खोलीत बसून तो टिंग आवाज ऐकावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

(दृश्य : पुन्हा एसटी. कंडक्टरच्या हातातलं कार्ड.)

दुसरा मार्ग आहे. फ्रान्सनं त्याचं तत्त्व कायद्याच्या पातळीवर मांडलं आहे. साइटला तुम्ही कोण हे कळता कामा नये, आणि वय तपासणाऱ्याला तुम्ही कुठं निघालात हे कळता कामा नये. एका खिडकीवर कार्ड दाखवायचं आणि बिल्ला घ्यायचा. बिल्ल्यावर एवढंच : 'अठरा पूर्ण'. दुसऱ्या दाराशी तो बिल्ला दाखवायचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघानं याच धर्तीवर ॲपचा नमुना पुढं आणला आणि पाच देशांनी तो आधी वापरून बघायचं ठरवलं. यात गणिताची युक्ती अशी की जन्मतारीख न सांगताही वय पूर्ण असल्याची खात्री पटवता येते. आपल्याकडे आधारचं ज्ञान, माणसं आणि यंत्रणा सगळं आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तर देशाचे पासपोर्ट छापले जातात. प्रत्येक कागद मोजून आत जातो आणि मोजून बाहेर येतो. ओळखीचा कागद कसा जपायचा, हे या शहराला कुणी शिकवायला नको. तेवढीच शिस्त माणसाच्या चेहऱ्याला आणि आधार नंबरला मिळावी, एवढंच मागणं आहे. आणि साठवायचंच नाही असं कायद्यात लिहिलं, तर जपायचीही गरज उरणार नाही.

बिल्ला आला तरी त्या खोलीत ओटीपीचा फोन मुलाच्याच खिशात राहणार, हे मला दिसतं. म्हणून निघताना मी थोडी थांबले.

(दृश्य : तीच खोली. कॅमेरा जमिनीवर ठेवलेला, फक्त आवाज.)

मुलानं आईकडे न बघता विचारलं, 'मम्मी, वर्गातली मुलं दाखवतात तसलं. ते खरं असतं का?'

कुकरची शिट्टी झाली. ताई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, 'थांब, गॅस बंद करून येते. मग बसू.'