जाफन्याच्या दारोदार

(दृश्य : खारं वारं, अरुंद गल्ली, बंद दारं)

साल 1687. श्रीलंकेतल्या जाफन्याच्या गल्ल्यांतून एक भिकारी दारोदार फिरतोय. अंगावर चिंध्या, गळ्यात मात्र ठळक दिसेल अशी जपमाळ. हात भिकेसाठी पुढे, पण नजर दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर. माळ पाहून कोण गडबडतं, कोणाचे डोळे पाणावतात, एवढंच त्याला बघायचंय. हा मुलूख प्रोटेस्टंट डचांचा. कॅथलिक पाद्रीला इथे मज्जाव. आणि हा भिकारी पाद्रीच आहे.

जोसेफ वाझ. जन्म 21 एप्रिल 1651, गोव्यात बाणावलीला, आजोळी. वडील सांकवाळचे. 1676मध्ये ते पाद्री झाले. पुढे कानडा मुलखातही काम केलं.

(दृश्य : जुन्या गोव्याची टेकडी)

आता मूळ दुखणं. गोमंतकीय माणूस पाद्री होऊ शकत होता, पण युरोपीय संन्यासी संघांत त्याला जागा नव्हती. तेव्हा जुन्या गोव्यात चमत्कारी क्रूसाच्या चर्चमध्ये काही देशी पाद्रींनी आपलाच एकत्र संसार मांडला. 1685मध्ये वाझ त्यांना येऊन मिळाले, प्रमुख झाले, आणि रोमच्या संत फिलिप नेरींच्या ऑरेटरीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या पाद्रींच्या संघाच्या धर्तीवर संघाची घडी बसवली. संस्थापक म्हणून नाव त्यांचं लागतं. पहिली चूल पेटवणारे दुसरे होते, हेही सांगून टाकू.

श्रीलंकेतले कॅथलिक पाद्रीविना पडलेत, हे कळल्यावर वाझ निघाले.

1692मध्ये ते बेटाच्या आतल्या भागातल्या कँडी राज्यात पोचले. पोर्तुगिजांचा हेर समजून बौद्ध राजाने त्यांना कैदेत टाकलं. पुढे दुष्काळात त्यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, म्हणतात. पावसाचं श्रद्धाळूंवर सोडू. 1697च्या देवीच्या साथीचं मात्र तसं नाही. माणसं आपल्याच आजाऱ्यांना टाकून पळत होती. वाझ आणि त्यांचा भाचा त्यांना अन्नपाणी देत होते, धूत होते, मेलेल्यांना पुरत होते. विमलधर्मसूर्य राजाने मग त्यांना हवं तिथे फिरायची मुभा दिली.

गोव्याहून ऑरेटरीचे आणखी पाद्री आले. त्यांतले जाकोम गोन्साल्विस सिंहली लेखक म्हणून नावाजले. वाझ 16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच वारले.

(दृश्य : कोलंबो, समुद्रकाठचं मैदान)

14 जानेवारी 2015. पोप फ्रान्सिस यांनी इथे त्यांना संत घोषित केलं, तेही नेहमी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून.