रुळाच्या आतला रूळ

[दृश्य : विस्टाडोम डब्याची मागची काच. मागे पळत जाणारा ट्रॅक. फक्त गाडीचा आवाज.]

हे बघा, आत्ता काही विशेष नाहीये, दोन रूळ, मधे खडी, रुळांखालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे स्लीपर, सगळं मागे मागे पळतंय, आणि आता बघा हां, नीट बघा, मधल्या खडीतून अचानक दोन गंजके रूळ वर आले, आधी एकमेकांना चिकटून, मग हळूहळू फाकत फाकत मेन रुळांच्या शेजारी जाऊन बसले, आणि खाली जमीनच नाही. नदी. पूल संपला की तेच उलटं, दोघं परत जवळ जवळ येत गेले, मधोमध भेटले आणि खडीत गायब.

लहानपणी मी मामाला विचारलं होतं की हे आतले रूळ कशाला, तर मामा एकदम कॉन्फिडन्समध्ये म्हणाला, ते छोट्या गाडीचे आहेत, मीटरगेजचे. मी कितीतरी वर्षं तेच धरून बसलो होतो, छोटी गाडी फक्त पुलावरच का चालते हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

तर याला म्हणतात गार्ड रेल. गार्डसाहेबांचा याच्याशी काही संबंध नाही, त्यांचं तर 2022 मध्ये पदाचं नावच बदलून ट्रेन मॅनेजर झालं, ही बिचारी गार्ड रेल आहे तिथेच आहे.

[दृश्य : रेल्वे फाटक. गेट वर जातंय, रिक्षा, दुचाक्या, एक सायकलवाला.]

आधी एक घोळ मिटवू. फाटकावर पण रुळाच्या आतून एक जास्तीचा रूळ असतो, बरोबर, मधे एक अरुंद फट असते, त्या फटीत माझ्या सायकलचं पुढचं चाक अडकून मी एकदा सगळ्या गावासमोर आडवा झालोय, त्यामुळे ती फट मला चांगलीच पाठ आहे. आपल्या ब्रॉडगेजला ही फट 51 ते 57 मिलिमीटर ठेवतात, आणि सायकलचा दीड इंची टायर म्हणजे 38, म्हणजे मी पडणार हे ठरलेलंच होतं. पण ही गार्ड रेल नाही, ही चेक रेल. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, फ्लँज म्हणतात, ती कड जायला रस्त्याच्या डांबरात मोकळी जागा हवी म्हणून ती फट.

अशीच चेक रेल काट्यावर असते, जिथे गाडी एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जाते तिथे, आणि खूप आवळ वळणावर पण असते. तिथे फट अजून कमी. तिचं काम चाकाला पाठीमागून धरून ठेवायचं, म्हणजे चाक रुळावर असतानाच त्याला भरकटू द्यायचं नाही. थोडक्यात, चेक रेल डबा घसरू नये म्हणून.

गार्ड रेल डबा घसरल्यानंतरची.

म्हणजे ती घसरणं थांबवत नाही, तसा दावाच करत नाही, ती एवढंच म्हणते की बाबा घसरलास ना, ठीक आहे, आता निदान पुलावरून खाली जाऊ नकोस. आपल्याकडे लोक दोन्हीला एकच समजतात, बातम्यांमध्ये तर सर्रास, म्हणून एवढं लांबण लावलं.

[दृश्य : टेबलावर मॉडेल. दोन लाकडी पट्ट्या, एका सळईला जोडलेली दोन चाकं.]

आता हे मॉडेल बघा, घरीच केलंय, हसू नका. दोन चाकं, एक ॲक्सल. ही जोडी एकमेकांपासून सुटू शकत नाही, दोन्ही चाकांच्या पाठींमधलं अंतर 1600 मिलिमीटर, फिक्स, आणि सगळी ट्रिक या एका गोष्टीत आहे. समजा गाडी डावीकडे घसरली. डावं चाक डाव्या रुळाच्या बाहेर पडलं, दरीच्या बाजूला. मग उजवं चाक कुठे पडणार? उजव्या रुळाच्या आत. आणि आत कोण बसलंय? गार्ड रेल. म्हणजे उजवं चाक आता दोन रुळांच्या मधल्या चरात अडकलं, डावीकडे सरकायला गेलं की त्याची पाठ गार्ड रेलला घासते, तिथेच अडते, आणि ते अडलं की त्याला जोडलेलं डावं चाक पण बाहेर जाऊ शकत नाही. दरीच्या बाजूच्या चाकाला दुसऱ्या बाजूच्या रुळाने धरलंय! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसता कागदावर रेघा मारत बसलो होतो.

मग तुम्ही विचाराल, एवढं कशाला, सरळ पुलाच्या कडेला मजबूत कठडा बांधा की, हायवेला असतो तसा. पण डबा असतो सव्वातीन मीटर रुंद आणि रूळ पावणेदोन मीटरपेक्षाही कमी, म्हणजे डबा दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतोय, तो कठड्यापर्यंत पोचेपर्यंत कलंडायला लागलेला असतो, आणि मग कठड्याला एवढं वजन उंचावर झेलावं लागणार. मालगाडीच्या एका ॲक्सलवर 22.9 टन येऊ शकतात, एका ॲक्सलवर, अख्ख्या वाघिणीवर नाही. त्यापेक्षा खाली, चाकालाच, स्लीपरच्या लेव्हलला धरलं तर ताकद कमी लागते आणि डबा पण उभा राहायची शक्यता जास्त. शिवाय जुने लोखंडी गर्डरचे पूल आठवा, तिथे रुळाच्या बाहेर असतं काय, स्लीपरची टोकं आणि मग हवा. कठडा लावणार कुठे.

[दृश्य : मोजपट्टी. कागदावर रुळाचा छेद.]

आता आकडे, इथे थोडा वेळ थांबू कारण मजा इथेच आहे. मेन रूळ आणि गार्ड रेल यांच्यातलं अंतर 250 मिलिमीटर, 50 कमी किंवा 50 जास्त चालतं. अडीचशेच का? चाकाची रुंदी आहे 127. चर जर त्यापेक्षा फार मोठा नसेल तर चाक आत नीट पडणारच नाही, गार्ड रेलच्या डोक्यावर चढून बसेल आणि पलीकडे जाईल, मग ती असून नसल्यासारखी. आणि चर फार मोठा ठेवला तर चाक पडेल पण अडायच्या आधी बरंच सरकेल, तेवढा डबा दरीकडे जाणार. म्हणून दुप्पट. चाकाला पडायला जागा द्यायची, पण पळायला नाही.

दुसरा आकडा उंचीचा. गार्ड रेलचा माथा मेन रुळापेक्षा 25 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नको. आणि इथे रेल्वेचा काटकसरी कारभार बघा, मेन लाईनला आता 60 किलोचा रूळ असतो, म्हणजे मीटरला 60 किलो, त्याची उंची 172. त्याच्याआधीचा 52 किलोचा, उंची 156. वजाबाकी करा, 16. पंचविसाच्या आत! म्हणजे लाईनवरून काढलेला जुना 52 चा रूळ गार्ड रेल म्हणून आरामात बसतो. आयुष्यभर गाड्या वाहिलेला रूळ रिटायर होऊन पुलावर पहाऱ्याला बसतो, आपल्याकडे बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेले माजी सैनिक काका असतात ना, अगदी तसं.

खाली पडलेलं चाक 915 मिलिमीटर व्यासाचं आणि त्याला अडवणारा रूळ जेमतेम वीतभर उंच, म्हणून त्या पंचविसाबद्दल एवढा कडकपणा. अजून खाली गेला तर चाक उडी मारून जाईल.

[दृश्य : परत मागची काच. पुलाच्या अलीकडे दोन्ही गार्ड रेल जिथे जुळतात तो कोपरा, स्लो मोशन.]

आता ते टोक, ते मधोमध जुळणारं, माझा सगळ्यात आवडता भाग. गाडी पुलावरच घसरेल असं थोडंच आहे, ती आधीच दोनशे मीटर मागे घसरलेली असू शकते, एक ॲक्सल स्लीपरवरून धडधडत येतंय आणि लोको पायलटला अजून पत्ताही नाही. हे चाक रुळापासून किती सरकलंय सांगता येत नाही, म्हणून गार्ड रेलचं तोंड बरोबर ट्रॅकच्या मध्यावर आणलेलं असतं. रुळापासून मध्यापर्यंत साधारण 84 सेंटिमीटर, एवढ्या पट्ट्यात चाक कुठेही असलं तरी ते त्या टोकाच्या योग्य बाजूला येतं, आणि मग गार्ड रेल फाकत जाते तसं त्याला हळूहळू ओढत रुळाच्या कडेला आणून सोडते. गुरं गोठ्यात घालताना दोन्हीकडून काठ्या आडव्या धरतात ना, तसंच. पुलाच्या अलीकडे हे काम व्हायला पाहिजे, पुलावर गेल्यावर उशीर.

आणि यामुळे एक किचकट भानगड होते. काँक्रीटच्या स्लीपरमध्ये रूळ पकडायचे लोखंडी इन्सर्ट कारखान्यातच ओतलेले असतात, आणि इथे तर प्रत्येक स्लीपरवर गार्ड रेल थोडी थोडी आत सरकत जाते, म्हणजे प्रत्येक स्लीपर वेगळा, पुढचा मागच्यासारखा नाही. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या डिझाईन आणि संशोधनाच्या संस्थेने, त्यांची वेगवेगळी ड्रॉइंग काढलीयत आणि ते बरोबर क्रमाने टाकावे लागतात, एक चुकला की गार्ड रेल बसणारच नाही.

टोक खाली वाकवून जमिनीत पुरतात आणि तिथे लाकडाचा ठोकळा बसवतात. कारण गाडीखाली काहीतरी लोंबत असतं कधी कधी, डबे जोडणारं सुटलेलं कपलिंग वगैरे, ते या टोकाला अडकलं तर ज्याने वाचवायचं त्यानेच घात केला.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. जर्मनीत एशेडेला 3 जून 1998 ला आयसीई या हायस्पीड गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, तुटली, साधारण 200 च्या स्पीडला, आणि ती लोंबणारी धाव काट्यावरच्या चेक रेलमध्ये घुसली, चेक रेल उखडून डब्याच्या तळातून आत आली. पुढच्या काट्यावर गाडी घसरून पुलाच्या खांबावर गेली, तो पूल वर कोसळला. 101 माणसं गेली. मूळ दोष धावेचाच होता, पण ट्रॅकमध्ये एक जास्तीचा रूळ टाकला की एक जास्तीचं टोक पण टाकलं जातं, हे डिझाईनवाल्याला विसरून चालत नाही.

[दृश्य : जपान, नकाशा.]

जपानची गोष्ट उलटी. टोकियोत 8 मार्च 2000 ला हिबिया मेट्रो लाईनवर नाकामेगुरो स्टेशनजवळ शेवटचा डबा घसरला आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळला, 5 जण गेले. वळण 160 मीटर त्रिज्येचं, आणि त्यांचा नियम काय होता, तर 140 किंवा त्याहून आवळ वळण असेल तरच आतला रूळ टाकायचा. वीस मीटरचा फरक. नियम करणाऱ्याला रेघ कुठेतरी मारावीच लागते हे मान्य, पण ही रेघ बघून पोटात कसंतरी होतंच.

मग 23 ऑक्टोबर 2004, निगाताचा भूकंप, धावती शिंकान्सेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, स्पीड दोनशेच्या आसपास, 10 पैकी 8 डबे घसरले आणि एकही माणूस गेला नाही. डब्याखालचे काही भाग नशिबाने रुळाला अडकून राहिले, गाडी फार बाहेर गेली नाही. जपानी लोकांनी त्या नशिबाचंच डिझाईन केलं, एका कंपनीने डब्याच्या चाकांजवळ एल आकाराचे लोखंडी तुकडे लावले, म्हणजे गार्ड रेलच गाडीवर चढवली म्हणा, आणि टोकियो-ओसाका लाईनवाल्या दुसऱ्या कंपनीने ट्रॅकमध्येच आतून गार्ड टाकायला घेतले.

[दृश्य : टॅम्पिंग मशीन, पिवळं धूड, खडीत दाते घुसवतंय.]

एवढी चांगली आहे तर सगळीकडेच टाका ना, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे नियम असा की गर्डरच्या सगळ्या पुलांवर पाहिजेच, लहान असो वा मोठा, आणि खडीवाल्या पुलांमध्ये मोठ्यांवर. मोठा म्हणजे एकूण जलमार्ग, म्हणजे पाणी जायची मोकळी रुंदी, 18 मीटर किंवा जास्त, किंवा एखादा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, 12 मीटर किंवा जास्त. छोट्या मोऱ्यांवर नाही, पण घसरल्यास मोठं नुकसान होईल अशी जागा असेल तर तिथे पण. वर लोखंडी पिंजरा असलेले पूल असतात तिथे तर गार्ड रेल गाडीइतकीच पुलाला पण वाचवते, कारण घसरलेला डबा त्या पिंजऱ्याच्या खांबाला लागला तर अख्खा गाळाच जायचा.

पण सगळीकडे टाकली तर हे मशीन दाते कुठे घालणार? खडी घट्ट करायला याचे दाते रुळाच्या दोन्ही बाजूंनी स्लीपरच्या मधे घुसावे लागतात, गार्ड रेल नेमकी तिथेच आडवी येते. म्हणून मशीन यायच्या आधी ट्रॅकमन ती खोलतात, बाजूला ठेवतात, मशीन गेलं की परत बसवतात. ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवलेला वेळ, दोन-तीन तासांचा, डोक्यावर ऊन किंवा पाऊस, एक मीटर रूळ म्हणजे 52 किलो, तुम्हीच हिशोब करा.

आणि ती काही जादूची कांडी नाही हेही सांगायला पाहिजे. चरात पडलेलं चाक पळताना मेन रुळाच्या क्लिपा उडवत जातं, स्लीपर फोडत जातं, फार वेळ तसं चाललं तर मेन रूळच सैल होतो. तिने दिलेला वेळ म्हणजे गाडी थांबेपर्यंतचा, बस.

[दृश्य : शेवटचा पूल. कॅमेरा काचेला टेकवलेला, झूम.]

जाता जाता, पुढच्या वेळी मागच्या खिडकीतून बघाल तेव्हा रंग बघा. ट्रॅकवर उतरून नाही हां, रेल्वे कायद्याचं कलम 147 आहे, आम्हीही सगळं काचेतूनच शूट केलंय. मेन रुळाचा माथा आरशासारखा चमकतो, दिवसभर चाकं घासतात म्हणून. शेजारची गार्ड रेल मात्र माथ्यापासून पायापर्यंत तांबडी, सगळा गंज, पावसाळ्यात तर त्याच्यावर हिरवं शेवाळ पण धरतं, कारण तिला कोणी शिवतच नाही, आणि ती तशीच तांबडी दिसली की समजायचं सगळं ठीक आहे. कुठे चमकणारा लांब ओरखडा दिसला तर मात्र तिथे काहीतरी होऊन गेलंय.

हा बघा, हा पूल पण संपला. मधे आले, जुळले, गेले खडीत.