'सर्व' या शब्दाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१७७६ च्या जून महिन्यात फिलाडेल्फियातील एका गवंड्याच्या घरी, वरच्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या खोल्यांत, तेहतीस वर्षांचे थॉमस जेफरसन लिहिण्याच्या लहानशा पेटीवर कागद ठेवून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत' हे वाक्य लिहीत होते. त्यांच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता आणि तो त्यांचा गुलाम होता.

ही विसंगती जेफरसन यांच्या ध्यानात आली नसेल, असे म्हणता येत नाही. गुलामांच्या व्यापाराचा दोष ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्या माथी मारणारा एक परिच्छेद त्यांनी मसुद्यात घातला होता. पण तो दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया या वसाहतींना रुचला नाही आणि काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, वगळला, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हणणारी ओळ मात्र तशीच राहिली.

मग 'सर्व' म्हणजे कोण? १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे हक्क मागायला जमलेल्या स्त्रियांनी त्याच वाक्यात 'आणि स्त्रिया' हे शब्द घातले. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या सभेत, तुमची चार जुलै, म्हणजे तुमचा स्वातंत्र्यदिन, गुलामाच्या काय कामाची, असे रोखठोक विचारले. तरीही जाहीरनाम्यातील तत्त्वांना त्यांनी तारक तत्त्वे म्हटले, हे विसरून चालणार नाही. पाचच वर्षांनी, ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, या वाक्यात कृष्णवर्णीय अभिप्रेतच नव्हते, असा निर्वाळा दिला.

आजचा वाद याच दोन वाचनांचा आहे: हे वाक्य सर्वांसाठी मानायचे, की काहींपुरतेच. देशाची खरी सुरुवात १७७६ ची धरायची, की व्हर्जिनियात आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले त्या १६१९ ची, यावर तिथे २०१९ पासून पाठ्यक्रमांपर्यंत भांडण पोहोचले आहे. मला स्वतःला डग्लस यांचे वाचन अधिक प्रामाणिक वाटते, कारण ज्यांना त्या वाक्याने बाहेर ठेवले त्यांनीच ते शब्दशः खरे मानून वसुलीला काढले. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केले, ते गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना; जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना नव्हे.

रॉबर्ट हेमिंग्ज मुक्त झाला तो १७९४ मध्ये, पत्नीच्या मालकाने उसने दिलेल्या पैशांतून जेफरसन यांना स्वतःची किंमत मोजून.