पोपडा सुटतो कुठून?

हे जे काळं चकचकीत दिसतंय ना स्क्रीनवर, हे डीएलसी, म्हणजे डायमंड लाइक कार्बन, धातूवर चढवायचं कोटिंग. जाडी 2-3 मायक्रॉन फक्त, आपला केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. 1971 मध्ये अमेरिकेत सोल आयसेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्याने आयन बीम, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा झोत, वापरून हे बनवलं. हिऱ्यासारखं कडक, आणि घसरगुंडीसारखं गुळगुळीत पण. मग अडतंय कुठे? तर चिकटण्यात.

कसंय, आयन जोरात आदळतात म्हणून तर कोटिंग कडक होतं, पण त्याच माऱ्याने अणू दाटीवाटीने कोंबले जातात आणि आतमध्ये कित्येक गिगापास्कलचा ताण बसतो, 1 गिगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरवर जवळपास 10 टन, आता बोला! जाडी वाढवली की हा दाबलेला थर खालून सुटतो, फुगतो, जुन्या टेलिफोनच्या वायरसारख्या नागमोडी सुरकुत्या पडतात आणि शेवटी भिंतीच्या रंगासारखे पोपडे.

त्यात स्टीलशी कार्बनचं थेट नीट जमत नाही. म्हणून मध्ये क्रोमियमचा थर देतात, मग हळूहळू क्रोमियम कमी आणि कार्बन जास्त करत नेतात, एकदम पायरी नाही, उतार. पण माझ्या मते खरं काम त्याच्याही आधीचं. जॉब, म्हणजे ज्यावर कोटिंग करायचं तो भाग, धुवायचा, चेंबरमध्ये व्हॅक्यूम करून तापवायचा म्हणजे ओल निघते, मग आर्गनच्या आयनांनी वरचा ऑक्साइड खरवडायचा. बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथूनच सुटणार.

चाचणी सोपी आहे. रॉकवेल मशीनवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, 150 किलोच्या भाराने हिऱ्याचं टोक दाबायचं आणि खड्ड्याच्या कडेला बघायचं, नुसत्या बारीक चिरा असतील तर चालतं, पापुद्रे निघाले तर जॉब नापास.

पण आजची पास चाचणी उद्याची हमी नाही हो. 1993 ते 95 च्या दरम्यान युरोपात 101 पेशंटना डीएलसी केलेले टायटेनियमचे खुब्याचे गोळे बसवले. पहिलं दीड वर्ष छान गेलं, आणि साडेआठ वर्षांत 45 टक्के सांधे बदलावे लागले, म्हणजे तेवढी माणसं पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर! कोटिंगमध्ये सुईच्या टोकाहून बारीक भोकं होती, तिथून शरीरातला द्रव आत गेला आणि कोटिंग खालून सुटत गेलं. पुढे स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेत रोलँड हाउर्ट यांच्या टीमने दुसऱ्या इम्प्लांटवर दाखवलं की चिकटावं म्हणून मध्ये दिलेला सिलिकॉनचा थरच द्रवात हळूहळू खाल्ला जातो, कार्बनला काहीच होत नाही.

म्हणून आता रॉकवेलचा खड्डा पाडलेला नमुना शरीरासारख्या खारट द्रावणात 37 डिग्रीला महिनोन् महिने ठेवतात, आणि मायक्रोस्कोपखाली घेऊन बघत राहतात, सुटलेल्या कोटिंगची कड किती सरकली.