खोक्यातच राहिलेली केबल

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या नाटकांची बाडं स्कॅन करायचं काम चाललं होतं. जत्रेतल्या नाटकांची, हाताने लिहिलेली. काहींना वाळवी लागलेली, काहींची शाई ओलीने पसरलेली. ग्रंथपाल ताई रोज दुपारी दोन तास बसायच्या, एकेक पान स्कॅनरवर ठेवायच्या आणि सूचीत नोंद करायच्या. एका दुपारी वळीव आला, गडगडाट झाला आणि वीज गेली. टेबलाखालचा यूपीएस, म्हणजे वीज गेली की संगणकाला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, टीं टीं करायला लागला. ताई तेव्हा माडीवर खिडक्या लावत होत्या. त्या खाली येईपर्यंत बॅटरी संपली आणि संगणक लिहिता लिहिता बंद पडला. वीज आल्यावर सूचीचा डेटाबेस उघडेना. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. यूपीएसचं खोकं कपाटावर तसंच ठेवलेलं होतं. आत थर्माकोल, वॉरंटी कार्ड आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली यूएसबीची केबल. पिशवी फोडलेलीच नव्हती. दोन वर्षं यूपीएस आणि संगणक एकाच टेबलापाशी होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. यूपीएसने आपलं काम चोख केलं होतं. वीज दिली, आवाज करून सांगितलं. पण तो आवाज ऐकायला खोलीत माणूस नव्हता आणि संगणकाला कान नव्हते. ते कान कसे बसवायचे, एवढंच मी आज सांगणार आहे.

केबल लावली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. विंडोजवर काही यूपीएसच्या बाबतीत ते खरंही आहे. यूपीएस ठरलेल्या प्रमाणभाषेत बोलणारा असेल तर विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखं धरतं आणि कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह येतं. आमच्या वाचनालयात मात्र विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली आहे, आणि लिनक्सवर या कामासाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ नावाची मुक्त प्रणाली वापरतात. सगळे तिला ‘नट’ म्हणतात. रसेल क्रोल यांनी १९९०च्या दशकात ती सुरू केली आणि आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्यात तीन थर आहेत. सगळ्यात खाली ड्रायव्हर, तो यूपीएसशी बोलतो. त्याच्यावर ‘यूपीएसडी’ हा सर्व्हर, तो ड्रायव्हरकडून आलेली माहिती नेटवर्कच्या ३४९३ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, मागेल त्याला देतो. आणि वर ‘यूपीएसमॉन’, जो लक्ष ठेवतो आणि वेळ आली की संगणक रीतसर बंद करतो. वरचे दोन थर सगळीकडे जवळपास सारखेच असतात. माणसं अडकतात ती खालच्या थरात, म्हणून मी तिथेच जास्त वेळ घेणार आहे.

यूएसबीवरचे यूपीएस सगळे एक भाषा बोलत नाहीत. १९९७ साली यूएसबीच्या मंडळींनी वीज पुरवणाऱ्या उपकरणांसाठी एक शब्दसंग्रह ठरवला. कीबोर्ड आणि माउस ज्या एचआयडी (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस) वर्गात येतात, त्याच वर्गात यूपीएसला जागा दिली. असा यूपीएस जोडल्या जोडल्या स्वतःची ओळख देतो: माझ्याकडे बॅटरी आहे, तिच्यात उरलेली क्षमता अमुक ठिकाणी वाचा, वीज आहे की नाही ते तमुक ठिकाणी. अशांसाठी ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ हा ड्रायव्हर. एपीसी, ईटन, सायबरपॉवर यांची बरीच मॉडेल्स यात येतात.

दुसरा गट आपल्या बाजारात, म्हापशापासून मडगावपर्यंत, स्वस्तात मिळणाऱ्या यूपीएसमध्ये खूप दिसतो. त्यांची भाषा यूएसबीच्या आधीच्या, सिरियल पोर्ट नावाच्या जोडणीच्या काळातली, मेगाटेक किंवा क्यू-वन म्हणून ओळखली जाणारी. यूएसबी आल्यावर उत्पादकांनी आतलं बोलणं तेच ठेवलं आणि बाहेर यूएसबीची चिप लावली. त्यांच्यासाठी ‘नटड्रिव्ह-क्यूएक्स’ हा ड्रायव्हर. म्हणून खोक्यावर कुणाचं नाव छापलंय यावरून ड्रायव्हर ठरवू नका. एकाच नावाखाली दोन्ही भाषांचे यूपीएस विकले जातात.

मग ओळखायचं कसं? केबल लावा आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. प्रत्येक उपकरणापुढे दोन आकड्यांची जोडी दिसते, पहिला उत्पादकाचा, दुसरा मॉडेलचा. ०५१डी दिसला तर एपीसी, ०४६३ तर ईटन, ०७६४ तर सायबरपॉवर. आमच्या वाचनालयात दिसलं ०६६५:५१६१, आणि पुढे लिहिलेलं ‘सायप्रेस, यूएसबी टू सिरियल’. यूपीएस हा शब्द कुठेच नाही. हा यूपीएस कोणी बनवला ते या जोडीवरून कळत नाही. आत कोणती चिप आहे तेवढं कळतं, आणि ती चिप डझनभर वेगवेगळ्या नावांच्या यूपीएसमध्ये असते.

इथे माझे दोन तास गेले, तुमचे जाऊ नयेत. ही चिप स्वतःला एचआयडी म्हणवते. म्हणून मी नटच्या फाइलीत ड्रायव्हर म्हणून सरळ ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ लिहिलं, कारण नावातच एचआयडी आहे. ड्रायव्हर म्हणाला, जुळणारा एचआयडी यूपीएस सापडला नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, तेच उत्तर. चिप एचआयडीच्या दारातून आत येते खरी, पण १९९७चा तो शब्दसंग्रह तिला ठाऊकच नसतो. ‘नटड्रिव्ह-क्यूएक्स’ लिहिलं आणि पहिल्या झटक्यात उत्तर आलं.

ते उत्तर मुद्दाम पडद्यावर दाखवतो, कारण मला ते फार आवडतं. ड्रायव्हर यूपीएसला विचारतो ‘क्यू-वन’, आणि यूपीएस एक ओळ परत देतो:

२३१.० २३१.० २३१.० ०१८ ५०.१ १३.५ २५.० ००००१००१

पहिला आकडा आत येणारा व्होल्टेज. दुसरा बिघाडाच्या वेळचा, तिसरा बाहेर जाणारा. ०१८ म्हणजे भार १८ टक्के. ५०.१ ही वारंवारता. १३.५ हा बॅटरीचा व्होल्टेज, २५.० तापमान. आणि शेवटची आठ शून्य-एकं म्हणजे आठ दिवे समजा. पहिला पेटला की वीज गेली. दुसरा पेटला की बॅटरी संपत आली. पाचवा यूपीएसचा प्रकार सांगतो, आठवा आवाज चालू आहे की नाही ते. एवढंच. ताईंना त्या दुपारी माडीवर जे कळायला हवं होतं, ते या पहिल्या दोन दिव्यांत आहे.

आता लिहायचं काय? ‘यूपीएस डॉट कॉन्फ’ नावाची फाइल असते. तिच्यात चौकटी कंसात यूपीएसला एक नाव द्या. रोमन लिपीत, जागा न सोडता, मी ‘वाचनालय’ दिलं. खाली ड्रायव्हर = नटड्रिव्ह-क्यूएक्स, पोर्ट = ऑटो. यूएसबीच्या ड्रायव्हरला पोर्टच्या नावाची गरज नसते, पण ती ओळ गाळली तर फाइल चालत नाही. एकाच जातीचे दोन यूपीएस असतील तर ‘सिरियल’ची, म्हणजे यूपीएसच्या अनुक्रमांकाची, ओळ घालून त्यांना वेगळं काढा, नाहीतर कधी हा, कधी तो पकडला जातो. सुरुवातीला जोडलेले यूपीएस शोधणारा ‘नट-स्कॅनर’ चालवलात तर तो बराचसा मजकूर आयता काढून देतो. तो घ्या, पण वाचून घ्या.

यानंतर एक अडचण हमखास येते, परवानगीची. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून चालवलं की ड्रायव्हर चालतो, मागे आपोआप चालणारी सेवा म्हणून सुरू केला की ‘परवानगी अपुरी’ म्हणतो. कारण नट सुरक्षिततेसाठी स्वतःच्या साध्या खात्यावर चालतं आणि यूएसबी उपकरणाची मालकी रूटकडे असते. ती मालकी देणारे नियम नटसोबतच येतात, ते युडेव्ह हा लिनक्समधला जोडलेली उपकरणं सांभाळणारा भाग पाळतो, पण उपकरण जोडलं जातं त्या क्षणीच ते लागू होतात. आपण केबल आधी लावलेली असते, नट नंतर बसवलेलं असतं. उपाय म्हणजे केबल काढून पुन्हा लावणं. लोक याऐवजी ड्रायव्हर कायमचा रूटवर चालवतात. कृपया तसं करू नका. ज्या प्रोग्रामला केबलमधून काहीही येऊ शकतं, त्याला घराच्या सगळ्या चाव्या देऊ नयेत.

ड्रायव्हर उभा राहिला की ‘यूपीएससी’ या आज्ञेने अवस्था विचारा. ‘ओएल’ म्हणजे वीज आहे, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली. ओबी आणि एलबी एकत्र आले की यूपीएसमॉन संगणक बंद करायला घेतो. ‘डेटा स्टेल’ दिसलं तर ड्रायव्हरकडून १५ सेकंद ताजी खबर आलेली नाही. केबल सैल असते किंवा ड्रायव्हर मेलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो एलबी कधी येतो? नव्या बॅटरीत वेळेवर येतो. पण आपल्याकडे यूपीएस टेबलाखाली भिंतीला टेकून, हवा न खेळणाऱ्या जागी असतो, आणि लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता मानवत नाही. दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो. मग एलबीचा दिवा पेटतो तेव्हा हातात वीस सेकंद असतात, कधी तो पेटतच नाही. म्हणून यूपीएसच्या शब्दावर थांबू नका. एचआयडीवाला यूपीएस टक्केवारी नीट देत असेल तर ‘इग्नोअर-एलबी’ लिहा आणि बॅटरीची खालची मर्यादा स्वतः ठरवा, म्हणजे ४० टक्के उरले की आवरायला घ्यायचं. क्यू-वनवाला टक्के देतच नाही, ड्रायव्हर व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला वरची मर्यादा १३.० आणि खालची १०.४ धरतात. पण बॅटरीवर भार आला की व्होल्टेज लगेच खाली बसतो, आणि त्याबरोबर टक्केही. या अंदाजावर माझा भरवसा नाही. आमच्याकडे मी घड्याळ लावलं. ‘यूपीएसशेड’ नावाचा साथीदार आहे, त्याला सांगितलं की वीज गेल्यापासून चार मिनिटांत परत आली नाही तर बंद कर. चारच का? कारण आमची बॅटरी भारासह अकरा मिनिटं टिकते, हे मी हातात घड्याळ धरून मोजलंय. तुमचा आकडा तुम्ही मोजा.

आणखी एक खाच आहे. समजा संगणक बंद होतोय आणि त्याच वेळी वीज परत आली. संगणक पूर्ण बंद झाला, पण यूपीएसकडून वीज एकदाही तुटली नाही, म्हणजे ‘वीज आली’ हे संगणकाला कधी कळणारच नाही. सकाळी कुणी येऊन बटण दाबेपर्यंत तो तसाच. म्हणून नट अगदी शेवटी यूपीएसला सांगतं की थोड्या वेळाने तूही बंद हो आणि मग पुन्हा सुरू हो. ‘नटड्रिव्ह-क्यूएक्स’मध्ये बंद व्हायचा अवधी ३० सेकंद आणि पुन्हा सुरू व्हायचा १८० सेकंद असा ठेवलेला असतो, एचआयडीच्या ड्रायव्हरमध्ये २० आणि ३०. तुमचा संगणक डिस्क आवरायला जास्त वेळ घेत असेल तर पहिला आकडा वाढवा. आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय लावा.

मघाशी एका काकांनी विचारलं, घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला? काका, इन्व्हर्टर तास-दोन तास नेतो हे खरं. पण साध्या घरगुती इन्व्हर्टरला संगणकाशी बोलायला वाट नसते. तो संपला की संगणक पुन्हा लिहिता लिहिताच बंद पडणार. इन्व्हर्टरच्या मागे छोटा यूपीएस ठेवा. मात्र इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर यूपीएसला ती वीज वीजच वाटत नाही, तो बॅटरीवर जातो आणि उगाच गजर करतो. शुद्ध साइन लाटेचा इन्व्हर्टर असेल तर ही कटकट होत नाही.

आता प्रत्यक्ष पाहू. हा टेबलावरचा संगणक आणि हा यूपीएस. चाचणी करताना प्लग उपटायचा नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. ताई, करा बंद. आवाज ऐकलात? पडद्यावर पाहा, ओएल होतं तिथे ओबी आलं. आजच्यापुरतं घड्याळ मी एका मिनिटावर आणलंय... आता सगळ्या खिडक्या आपोआप बंद होतायत, सूचीचा डेटाबेस बंद झाला, डिस्क सुटली, पडदा काळा. अजून यूपीएस चालू आहे, थांबा. हा टक असा आवाज आला ना, तोही बंद झाला. ताई, आता बटण लावा. आपल्याला तीन मिनिटं बसायचंय, तोवर चहा घेऊ.

(चहा अर्धा झाला असताना संगणक आपोआप सुरू झाला. ग्रंथपाल ताईंनी सूची उघडली आणि शेवटची नोंद वाचून दाखवली.)